अपत्यरक्षणाच्या साहसकथेचे आकर्षण : हिरकणीच्या आख्यायिकेच्या अनुषंगाने एक विचार

संकटात सापडलेल्या अपत्यासाठी जिवावर उदार होणारी आई किंवा बाप हा लोकप्रिय कथनाचा जगभर आढळणारा हुकमी विषय आहे. लोककथा, पोवाडा, कादंबरी आणि चित्रपट या सर्व माध्यमांनी तो हाताळला असून गेल्या काही दशकांत थरारपटांनी तर त्याला स्वतंत्र प्रकाराचे रूप दिले आहे. या कथांच्या आकर्षणाची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. वात्सल्य ही सार्वत्रिक भावना असल्यामुळे वाचक किंवा प्रेक्षक तत्काळ समरस होतो, हे एक. आणि साहसात मुळातच उत्कंठा असते, हे दुसरे. दोन्ही कारणे खरी असली तरी ती अपुरी आहेत. वात्सल्य आणि साहस या दोहोंनी भरलेल्या अनेक कथा पाहिल्या पाहिल्या विसरल्या जातात. उलट काही मोजक्या वाक्यांत संपणारी एखादी आख्यायिका पिढ्यान् पिढ्या टिकून राहते. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात रायगडच्या हिरकणीच्या आख्यायिकेच्या आधारे करावयाचा आहे.

१. आख्यायिकेचे स्वरूप

बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणाऱ्या सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाडच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर रायगड उभा आहे. इ. स. १६५६ मध्ये रायरीचा हा डोंगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि ६ जून १६७४ रोजी तेथेच त्यांचा राज्याभिषेक झाला. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये 'रायगड' हे नाव देण्यात आले, ते याच गडावरून. गडाच्या पश्चिम बाजूला हिरकणी बुरूज आहे. त्यावर उभे राहिले असता एका बाजूस गांधारीचे आणि दुसऱ्या बाजूस काळ नदीचे खोरे दिसते. पायथ्याशी हिरकणीवाडी आहे.

आख्यायिका थोडक्यात अशी : पायथ्याच्या वाडीतील हिरकणी नावाची गवळण दूध घालण्यासाठी गडावर जात असे. एके दिवशी, काही कथनांनुसार कोजागिरीला, तिला परतण्यास उशीर झाला. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद करण्याचा दंडक होता आणि पहारेकरी तो मोडावयास तयार नव्हते. घरी तान्हे मूल होते. तेव्हा ती अंधारात कड्यावरून उतरून घरी पोचली. महाराजांना हे कळल्यावर त्यांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधवून त्याला तिचे नाव दिले.

या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखविता येत नाही. ती मौखिक परंपरेने जतन केलेली आहे आणि तिचा विचारही लोककथा म्हणूनच करणे उचित ठरेल. इतिहास म्हणून ती सिद्ध होवो वा न होवो, लोकमानसाने बुरुजाच्या दगडांना ही कथा जोडली आणि टिकविली, ही गोष्ट स्वतंत्रपणे अर्थपूर्ण आहे.

२. दोन कडे, दोन निष्ठा

या आख्यायिकेचे वेगळेपण स्पष्ट होण्यासाठी तिच्या शेजारी मराठी परंपरेतील आणखी दोन कथा ठेवून पाहाव्या लागतील. पहिली तानाजी मालुसऱ्यांची. पोलादपूरजवळचे उमरठे हे त्यांचे गावही आजच्या रायगड जिल्ह्यातच येते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते धारातीर्थी पडले. पोवाड्याने या घटनेला रायबाच्या लग्नाचे उपकथानक जोडले आणि मुलाचे लग्न बाजूला सारून स्वामिकार्याला निघणारा पिता महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरला गेला. दुसरी कथा श्रियाळ-चांगुणेची. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'मुळे (इ. स. १७१८) ती घरोघरी पोचली. अतिथीच्या रूपाने आलेल्या शिवाकडून आपले सत्त्वहरण होऊ नये म्हणून आईबाप पोटच्या चिलयाचा बळी देतात आणि सत्त्वपरीक्षा पूर्ण झाल्यावर तो त्यांना परत मिळतो.

दोन्ही कथांत अपत्यप्रेम उत्कट आहे. परंतु ते ओलांडून जाण्यातच थोरवी मानली आहे. राज्य, धर्म किंवा दिलेला शब्द यांचे स्थान वरचे आणि मुलाचे खालचे, अशी ही मूल्यश्रेणी आहे. हिरकणीच्या कथेत ती उलटते. तानाजी रात्री कडा चढून जातो तो मुलाला मागे ठेवून. हिरकणी रात्री कडा उतरते ती मुलाकडे जाण्यासाठी. एकाच्या साहसाने गड मिळतो, दुसरीच्या साहसाने गडाचा दंडक मोडतो. तरीही एकाच राजाच्या काळाशी जोडलेल्या या दोन्ही व्यक्तिरेखांना लोकमानसाने सारख्याच आदराने सांभाळले. कर्तव्याच्या कथांनी ज्या भावनेला गप्प बसविले होते, तिला हिरकणीच्या कथेने बोलण्याची जागा दिली. अपत्यरक्षणाच्या साहसकथेचे पहिले आकर्षण या मुभेत आहे. एरवी ज्या नियमापुढे मान तुकवावी लागते, तो नियम मोडलेला पाहण्याची आणि त्याला मनोमन संमती देण्याची संधी ही कथा वाचकाला देते.

३. कथनाची घडण

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुत लोककथांची ३१ कार्ये आणि पात्रांची सात कार्यक्षेत्रे निश्चित केली. त्या आराखड्यात नायकाला मोहिमेवर पाठविणारा एक असतो, मोहिमेवर जाणारा दुसरा असतो आणि शेवटी नायकाला विवाह किंवा राज्य मिळते. अपत्यरक्षणाच्या कथेत पाठविणारा आणि जाणारा एकच होतात. हिरकणीला कोणी पाठवीत नाही. अडविणारे पुष्कळ आहेत, सांगणारे कोणी नाही. आणि तान्हे मूल तर हाकही मारू शकत नाही. येथे आज्ञा देहातूनच येते. 'पान्हा फुटणे' हा मराठी वाक्प्रचार या कथेची सारी प्रेरणा दोन शब्दांत सांगतो. दूध विकणे हा हिरकणीचा व्यवसाय आहे, पण ज्या दुधासाठी ती उतरते ते विकाऊ नाही. हा विरोध कथेत कोठेही बोलून दाखविलेला नाही. तो ऐकणाऱ्याला आपोआप जाणवतो.

दुसरा घटक काळाचा. मुलावर ओढवलेले संकट घडून गेलेले असेल तर कथा सूडाची होते. वेळ अजून शिल्लक असेल तरच ती सुटकेची होते. म्हणून या प्रकाराला घड्याळ लागते. पिएर मोरेल यांच्या 'टेकन' (२००८) या चित्रपटात पॅरिसमध्ये पळवून नेलेल्या मुलीला शोधण्यासाठी बापाजवळ ९६ तास असतात. हिरकणीजवळ एक रात्र आहे, आणि ती रात्र तान्ह्या मुलाच्या भुकेने मोजली जाते.

तिसरा घटक कौशल्याचा. 'टेकन'मधील बाप गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेला आहे. त्याचे सामर्थ्य सामान्य प्रेक्षकाजवळ नसते. हिरकणीचे कौशल्य रोजच्या श्रमातून आले आहे. डोक्यावर ओझे घेऊन गड चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईलाच डोंगराची अशी ओळख असणार. त्यामुळे तिचे साहस अचाट असूनही अविश्वसनीय वाटत नाही. शस्त्र नसलेली, पद नसलेली, वाडीत राहणारी स्त्री नायिका होते, हे श्रोत्याला आपल्या जवळचे वाटते.

४. खलनायक आणि दंडक

या प्रकारच्या कथांची खरी कसोटी मात्र विरोधी पक्षाच्या स्वरूपात आहे. थरारपटात अपत्य आणि पालक यांच्यामध्ये खलनायक उभा असतो. तो इतका दुष्ट रंगविला जातो की त्याच्याशी कसेही वागले तरी प्रेक्षकाचे मन कचरत नाही. 'टेकन'मध्ये माहिती काढण्यासाठी बाप आपल्या जुन्या फ्रेंच मित्राच्या निरपराध पत्नीच्या दंडावर गोळी झाडतो आणि कथा क्षणभरही न थांबता पुढे जाते. मुलगी सापडली की साऱ्याचा हिशेब चुकता झाला, असे मानावयास प्रेक्षकाला शिकविले जाते. आपल्या मुलाखेरीज उरलेले जग खर्चून टाकण्याजोगे आहे, ही या आकर्षणाची काळी बाजू होय.

हिरकणीच्या कथेत खलनायक नाही. पहारेकरी दुष्ट नाहीत; ते आपले काम करतात. दरवाजा बंद करण्याचा दंडक अन्यायाचा नाही, राजधानीच्या रक्षणासाठी तो आवश्यकच आहे. म्हणजे येथे दोन न्याय्य हक्क समोरासमोर येतात : गडाच्या सुरक्षिततेचा आणि तान्ह्या मुलाच्या भुकेचा. हिरकणी पहारेकऱ्यांना इजा करीत नाही, दरवाजा फोडीत नाही. नियम मोडण्याची सारी किंमत ती स्वतःच्या देहाने देऊ करते. म्हणूनच वाचकाने दिलेल्या संमतीला बोच राहत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये निशिकांत कामत दिग्दर्शित हिंदी 'दृश्यम' (२०१५) ठेवता येईल. जीतू जोसेफ यांच्या २०१३ मधील मल्याळम चित्रपटावर आधारलेली ही कथा गोव्यात घडते. फारसे न शिकलेला, केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर आपल्या मुलीला कायद्याच्या तावडीतून वाचवितो. त्याचे कौशल्यही रोजच्या सवयीतून, म्हणजे चित्रपट पाहण्यातून, आलेले आहे. पण या चित्रपटाचे महत्त्व दुसऱ्या गोष्टीत आहे. त्याच्याविरुद्ध उभी असलेली पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख ही देखील हरवलेल्या मुलाचा शोध घेणारी आई आहे. तिचा मुलगा गुन्हेगार होता, तरी तिचे दुःख खोटे ठरत नाही. एकाच कथेत दोन पालक आणि दोन अपत्ये समोरासमोर आल्यामुळे 'कोणाचे मूल?' हा प्रश्न प्रेक्षकाला टाळता येत नाही. शेवटी मृतदेह पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीखाली पुरलेला असल्याचे उघड होते. बापाने केलेले कृत्य सार्वजनिक वास्तूच्या पायाखाली दडले आहे, आणि विजयाच्या क्षणीच ही गोष्ट प्रेक्षकाला अस्वस्थ करते.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. या सर्व कथा पालकाला एकटे पाडतात. तसे केल्याखेरीज साहसाला उठाव येत नाही. प्रत्यक्षातील संकटे निराळी असतात. याच जिल्ह्याच्या किनाऱ्याचे उदाहरण घेता येईल. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जे थोडे वाचले, त्यांतील काहींना मच्छीमारांच्या होड्यांनी वाचविले. अशा वेळी कोणा एका आईबापाचे शौर्य पुरे पडत नाही. अनोळखी माणसाने पुढे केलेला हातच उपयोगी पडतो. एकट्या पालकाची विजयकथा लोकांना हवीशी वाटते, याचे एक कारण प्रत्यक्षात ती क्वचितच घडते, हेही असावे.

५. बुरूज आणि कक्ष

हिरकणीच्या कथेचा शेवट पुन्हा एकदा बारकाईने पाहण्यासारखा आहे. राजा तिला शिक्षा करीत नाही, गौरव करतो; परंतु तेवढ्यावर थांबत नाही. एक स्त्री जेथून उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो, हे ओळखून तो ती वाट बंद करतो. एकाच बुरुजात मातृत्वाचे स्मारक आणि तटबंदीची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. थरारपटात न चुकविला जाणारा हिशेब येथे चुकता होतो : आईचा हक्क मान्य होतो आणि गडाचा दंडकही अबाधित राहतो. आख्यायिकेला लाभलेले समाधान या दुहेरी न्यायाचे आहे.

तथापि या समाधानात एक प्रश्न उरतोच. बुरूज झाल्यानंतर पुन्हा एखाद्या गवळणीला उशीर झाला तर तिने काय करावयाचे? तिची वाट तर आता कायमची बंद झाली आहे. आख्यायिका या प्रश्नाला स्पर्श करीत नाही. तिला एका मातेचे असामान्यत्व सांगावयाचे आहे, सर्व मातांची सोय पाहावयाची नाही. मातृत्वाच्या गौरवात नेहमीच हा धोका असतो. आईच्या त्यागाची जितकी स्तुती होते, तितकी तो त्याग टाळता आला असता का, ही विचारणा मागे पडते.

या दृष्टीने हिरकणीच्या नावाचा अलीकडील प्रवास उद्बोधक आहे. प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी' (२०१९) या मराठी चित्रपटाने, सोनाली कुलकर्णी यांच्या प्रमुख भूमिकेसह, तिच्या उतरण्याला पूर्ण लांबीच्या साहसकथेचे रूप दिले. त्याच वेळी एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी राखलेल्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव रूढ झाले. चित्रपट कडा पुन्हा उभा करतो. कक्षाची कल्पना मात्र आईला कडा उतरावाच लागू नये, अशी आहे. अशा कक्षांची अवस्था सर्वत्र समाधानकारक आहे असे म्हणता येणार नाही, पण बुरुजाने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न या नामकरणाने, नकळत का होईना, हाती घेतला आहे.

सारांश, अपत्यरक्षणाच्या साहसकथेचे आकर्षण केवळ वात्सल्यात किंवा उत्कंठेत नाही. नियमापेक्षा मूल मोठे, असे काही काळ मानण्याची मुभा ती देते, हे त्याचे मूळ आहे. मोडलेल्या नियमाचे आणि इतरांच्या दुःखाचे पुढे काय झाले, हे कथा कितपत सांगते, यावर तिची योग्यता ठरते. मराठी लोकपरंपरेतील एका लहानशा आख्यायिकेने हे भान राखले आहे. लोकप्रिय थरारकथेचा अभ्यास करताना तिचा निकष म्हणून उपयोग करता येण्यासारखा आहे.