सोन्याची गुलाबी रेघ

गडचिरोलीच्या दुर्गम गावात पावसाळ्यात कुणाला ताप आला की आशाताई त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेतात, प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर सोडतात, वर द्रावणाचे थेंब टाकतात आणि घड्याळ बघतात. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर गुलाबी रेघ उमटली, तर मलेरिया. ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना वीज. पण ही रेघ कशाची असते? चक्क सोन्याची!

सोन्याचे कण अतिसूक्ष्म केले की त्यांचा पिवळा रंग जातो. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण 40 नॅनोमीटरचे सुवर्णकण प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात, म्हणून ते लाल दिसतात. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

पट्टीतल्या सुवर्णकणांवर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) चिकटवलेली असतात. रक्तात मलेरियाच्या जंतूचे प्रथिन असेल तर ती त्याला पकडतात. रक्ताबरोबर पुढे सरकणारे हे कण ठरावीक जागी अडकतात आणि गर्दी झाली की रेघ दिसते. उरलेले कण पुढच्या ‘कंट्रोल’ रेघेवर थांबतात. घरी करायच्या गरोदरपणाच्या आणि करोनाच्या रॅपिड चाचण्याही बहुतांशी याच तत्त्वावर चालतात.

मात्र रेघ उमटली नाही म्हणजे आजार नाही, असे समजणे धोक्याचे आहे. डोळ्यांना दिसेल इतके कण जमायला रक्तात प्रथिनही तेवढे असावे लागते. जंतू कमी असतील तर पट्टी कोरीच राहते. पाळी चुकण्याआधी केलेली गरोदरपणाची चाचणी याच कारणाने चुकते. 2020 मध्ये लक्षणे असलेल्या रुग्णाची करोनाची रॅपिड चाचणी निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करावी, असे आयसीएमआरने सांगितले, तेही यासाठीच.

मलेरियात आणखी एक अडचण आहे. फाल्सिपेरम जातीचा जंतू ओळखण्यासाठी बहुतेक चाचण्या ‘एचआरपी-2’ हे प्रथिन शोधतात. ते बनवणारे जनुकच नसलेले जंतू 2010 मध्ये पेरूमध्ये आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे आफ्रिकेतल्या एरिट्रियात त्यांचे प्रमाण इतके वाढले की त्या देशाला चाचणीच बदलावी लागली. याउलट, उपचारांनी जंतू मेल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहते. त्यामुळे औषध पूर्ण घेऊनही रेघ उमटली, तर उपचार फसले असे लगेच म्हणता येत नाही. अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावे लागते.

चाचणी घरी असो वा आरोग्य केंद्रात, काही गोष्टी पाळाव्यात. पाकिटावरची मुदत पाहावी. पट्टी उन्हात, ओलाव्यात ठेवू नये. निकाल सांगितलेल्या वेळेतच वाचावा. तासाभराने दिसलेली फिकट रेघ ग्राह्य नाही. कंट्रोल रेघ नसेल तर चाचणी बाद समजून नव्या पट्टीवर पुन्हा करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, चाचणी निगेटिव्ह असूनही थंडीताप सुरूच असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. रुग्ण गुंगीत असेल, झटके येत असतील, कावीळ दिसत असेल किंवा पोटात पाणीही ठरत नसेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. तिथे आधी पट्टीकडे नव्हे, रुग्णाकडे पाहायचे असते.