तारखांचा उलगडा: बालाघाटच्या निमित्ताने

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. तोवर नागपूर राजधानी असलेल्या या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. मजकुरातली तारीख संगणकाला ओळखायला लावण्याचं काम गेल्या वीसेक वर्षांत कुठवर आलं, हे तपासायला अशा द्विभाषिक मुलखाची तारीख फार उपयोगी.

२००३च्या सुमारास पायथन या संगणकीय भाषेसाठी ‘डेटयुटिल’ हे तारखा वाचणारं साधन आलं. ‘१-११-१९५६’ ही तारीख इंग्रजी आकड्यांत दिली, की ते ११ जानेवारी समजतं. दिवस आधी आहे, हे वेगळं सांगावं लागतं. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही, कारण ११ जानेवारी ही तारीखही वैधच.

देवनागरी अंकांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. पायथन ‘१९५६’ थेट संख्या म्हणून घेतं. जावास्क्रिप्टमध्ये मात्र अंक शोधण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडेच ओळखते. म्हणून २०११ साली आलेल्या ‘मोमेंट’ या तशाच साधनाच्या हिंदी आणि मराठी फायलींत आकडे आधी बदलून घेण्याची सोय करावी लागली.

महिन्यांची नावं गोळा करण्याचं मोठं काम युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या सामायिक कोशाने केलं. तरी लेखनभेद उरलेच: सितंबर आणि सितम्बर, फरवरी आणि फ़रवरी. त्यातही नुक्त्याचा फ़ एका संकेताने लिहिता येतो, तसाच दोन संकेत जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण आधी एकसारखं करून घेतलं नाही तर प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय लिपी एकच असल्याने भाषाही लिपीवरून ठरत नाही. ‘मार्च’ आणि ‘जून’ तर दोन्हीकडे सारखेच.

खरी गाठ तिथीची आहे. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगात पौर्णिमेला. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तिकडे भाद्रपद बदी अष्टमी; दिवस तोच. नुसत्या महिन्याच्या नावावर विसंबलं तर तारीख महिनाभराने चुकू शकते. इथे ‘वद्य’ की ‘बदी’ एवढ्या एका शब्दावरून पंचांगाचा अंदाज बांधता येतो.

या सगळ्या वाटचालीतून हाती आलेला नियम साधा आहे. तारीख वाचण्याआधी भाषा, क्रम आणि पंचांग सांगावं. ते ठाऊक नसेल तर शक्य तेवढे सगळे अर्थ नोंदवावेत आणि मूळ मजकूर शेजारी जसाच्या तसा ठेवावा.