जर्सीवरचं नाव पुसलं जातं तेव्हा

२०२५ च्या आशिया चषकात भारतीय क्रिकेट संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ‘ड्रीम ११’ हे प्रायोजकाचं नाव जर्सीवरून उतरलं. पुढे ‘अपोलो टायर्स’ आलं. चाहत्यांसाठी विषय तिथं मिटला. पण ‘मला खेळाच्या क्षेत्रात करिअर करायचंय’ म्हणणाऱ्या मुलामुलींनी ही बातमी कापून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. मैदानावर काहीही बिघडलेलं नसताना या धंद्याचा मोठा पैसेवाला महिन्याभरात नाहीसा होऊ शकतो. त्याच वर्षी फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावर अडला आणि काही क्लबांनी कामकाज थांबवलं. खेळाडूंची नावं निदान छापून आली. किट सांभाळणारे, फिजिओ, तिकीटविक्री पाहणारे यांच्याबद्दल कोण लिहिणार?

हा व्यवसाय चालतो तो हक्कांच्या विक्रीवर. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, तोही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या भांडणात. मग बाजार खुला झाला. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क २०१८ ते २०२२ साठी १६,३४७ कोटींना गेले होते, पुढच्या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना. एवढी रक्कम मोजणारा ती वसूल करणारच, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याचशा नोकऱ्या त्या वसुलीभोवती उभ्या आहेत: जाहिरातीच्या वेळेची विक्री, करारांचं कायदेशीर काम, प्रायोजकाला दिलेला शब्द मैदानात पाळला जातोय की नाही हे पाहणं. खेळाडूसोबत फोटो काढायची संधी यात फार क्वचित येते.

नीलेश कुलकर्णी आठवतो? डोंबिवलीचा डावखुरा फिरकीपटू. १९९७ मध्ये कोलंबोत कसोटी पदार्पणातल्या पहिल्याच चेंडूवर त्याने श्रीलंकेच्या अटापट्टूला बाद केलं. मग श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या आणि नीलेशने ७० षटकं टाकली. दुसरा बळी काही मिळाला नाही. कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत संपली. याच माणसाने २०१० मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. खेळणाऱ्यांच्या पलीकडे खेळ चालवणारी माणसं लागतात, हे त्याने लवकर ओळखलं, याबद्दल मला त्याचा आदर आहे. मात्र कुठल्याही संस्थेत भरमसाट फी भरण्याआधी विचारा, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत? पूर्ण वर्षाच्या नोकरीत, की हंगामापुरत्या करारावर? आयपीएलसारखी लीग जेमतेम दोन-तीन महिने चालते. घरभाडं बारा महिने द्यावं लागतं.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. खेळ चालवण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे, फक्त तिला पदवी नव्हती. लालबाग-परळपासून कोकणातल्या गावांपर्यंत मंडळांनी प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा वर्षानुवर्षं भरवल्या आहेत. पोलिसांची परवानगी, मंडप, पंच, बाहेरगावच्या संघांची राहण्या-जेवणाची सोय, सोन्याच्या पेढीवाल्याकडून चषक, किराणा दुकानदाराकडून स्मरणिकेची पाव पान जाहिरात. मंडळाचे चिटणीस हे सगळं नोकरी सांभाळून करत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा टीव्हीसाठी मॅट, दिवे आणि कॅमेरे आले, तीस सेकंदांच्या चढाईला आणि दोन रिकाम्या चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईला नाट्य मिळालं. पण प्रायोजक शोधायचा आणि त्याला पुढच्या वर्षी परत आणायचा, हे काम तेच राहिलं.

म्हणून बायोडेटा पाठवत बसण्याआधी एक हंगाम आपल्या भागातल्या स्पर्धेला द्या. मुंबईत असाल तर जानेवारीतल्या मॅरेथॉनला स्वयंसेवक म्हणून उभे राहा. पहाटेच्या अंधारात हजारो धावपटूंना योग्य रांगेत लावणं शिकायला मिळेल. आणि मंडळात गेलात तर हिशेबाची वही मागा. मागच्या वर्षीची स्मरणिका आणि यंदाची शेजारी ठेवा, जे जाहिरातदार परतले नाहीत त्यांची यादी करा, आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्यातल्या पहिल्याच्या दुकानात जाऊन विचारा, ‘काका, यंदा जाहिरात का नाही दिलीत?’