दीड लिटरचा डबा
सकाळी बोरिवलीहून चर्चगेट फास्ट पकडणाऱ्याला मेंदूची सूज समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. त्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात: उभं राहण्याच्या जागेत चौरस मीटरला 14 ते 16 माणसं. तरी अंधेरीला आणखी दहाजण चढतातच, कारण डब्याची दारं उघडी असतात आणि लटकायला दांडी असते. कवटीत तसं काही नाही.

मोठ्या माणसाच्या कवटीत जागा जेमतेम दीड लिटर. तिचा 80 टक्के भाग मेंदूचा, बाकी रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. हे पाणी सुमारे 150 मिलिलिटर, म्हणजे दोन कटिंग. मेंदूत बारीक रक्तवाहिन्या आहेत 600 किलोमीटरच्या. चर्चगेट ते विरार हे अंतर दहादा कापावं तेवढ्या. एरवी त्यांच्या भिंती अतिशय घट्ट असतात. मेंदूज्वरात त्या पाझरू लागतात. सुरुवातीला पाणी आणि थोडं रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या मापात 7 ते 15 मिलिमीटर असतो. 20-22 च्या वर गेला की डॉक्टरांची धावपळ सुरू. कवटीला मोठं दार एकच, तळाशी, पाठीचा कणा जिथं सुरू होतो तिथं. लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. फुगलेला मेंदू त्यातून उतरू पाहतो, आणि नेमक्या त्याच दारात श्वास चालवणारं केंद्र बसलेलं आहे.

हे घडवणारा एक विषाणू आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाचं नाव घेऊन जगभर ओळखला जातो. नागपूर जिल्ह्यातलं चांदीपुरा, 1965. तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला तो सापडला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, आणि इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेषेत सहा हजार मावतील. माणसाची जनुकीय संहिता 300 कोटी अक्षरांची, याची अवघी 11 हजार. त्याला वाहून नेणारी वाळूमाशीही दोन-तीन मिलिमीटरचीच, भिंतीच्या भेगांत राहणारी.

जवळजवळ चार दशकं त्याला कुणी फारसं मोजलं नाही. मग 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि 183 दगावली. ताप, आकडी, बेशुद्धी. कित्येकांना रुग्णालयात येऊन 24 तासही मिळाले नाहीत. त्या वर्षी विदर्भालाही झळ बसली. 2024 च्या पावसाळ्यात गुजरात.

लस नाही, नेमकं औषधही नाही. मग मुलुंड असो वा नागपूर, अतिदक्षता विभागात भांडण चालतं ते जागेसाठी: आकडी थांबवायची, पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल शिरेतून सोडायचं, आणि खाटेची उशाकडची बाजू 30 अंशांनी वर करायची.