हरीण, गिधाड आणि मधली गाय

पंचवटीची कथा नाशिकच्या पोराटोरांनाही पाठ असते. सीतेला भुलवणारं हरीण आणि तिच्यासाठी पंख गमावणारा जटायू. दोघांचे भाऊबंद आजही जिल्ह्यात नांदतात. येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळवीट, त्र्यंबकजवळ अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीचं गिधाड.

काळविटाला आपण हरीण म्हणतो, पण प्राणिशास्त्र त्याला हरिणाच्या कुळात बसवत नाही. शिंगं नीट बघा. चितळ-सांबराची शिंगं भरीव हाडाची, फांद्या फुटलेली. गळतात आणि पुन्हा नवी येतात. काळविटाच्या नराची शिंगं मळसूत्रासारखी पिळदार. आत हाड, वर आपल्या नखांसारख्याच केराटिनचं आवरण, आणि ती जन्मभर डोक्यावर. अशी न गळणारी, आवरणाची शिंगं आणखी कुणाला? गोठ्यातल्या गाईला! काळवीट गाईच्या कुळातलं आहे. गिधाड मात्र गरुड आणि घारीच्या कुळातलं.

कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात ठेवलंय. तरी आंतरराष्ट्रीय लाल यादीत काळवीट सगळ्यांत कमी काळजीच्या गटात आणि हे गिधाड नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. असं का? काळविटाचा मोठा वैरी होता शिकारी, आणि शिकाऱ्याला कायदा अडवू शकतो. गिधाडांवर कुणी बंदूक रोखलीच नव्हती. 1990 नंतरच्या दीड दशकात देशातली लांब चोचीची गिधाडं शंभरातली जेमतेम तीन उरली आणि कारण कुणालाच उमगेना. 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून ते कळलं. दुखणाईत गुरांना मायेने टोचलेलं वेदनाशामक डायक्लोफिनॅक! जनावर मेलं की ते औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर बसतो. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी ही तूट भरून काढणार कशी?

गुरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झालं. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवण्याची जागाही आहे. पण माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक दुकानात मिळतंच. एका कुपीत 3 मिलिलिटरहून जास्त नको, असं बंधन त्यावर 2015 मध्ये आलं, ते गुरांना टोचलं जाईल या भीतीने.

तुमच्या गोठ्यातली गाय लंगडली, तर मेडिकलमधून माणसांचं इंजेक्शन आणू नका. पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम मागा. गाईचं दुखणं त्यानेही थांबतं, आणि गिधाडाला त्याचा धोका नाही.