पडद्यावरचे वासुदेव बळवंत आणि दहावीचा वर्ग

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्पे फाट्यापुढे थोड्याच अंतरावर शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी 4 नोव्हेंबर 1845 रोजी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव जवळच्याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. शिरढोणला फडक्यांचे स्मारक आहे, पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही निघाला आहे. गजेंद्र अहिरे यांनी दिग्दर्शित केलेला आणि अजिंक्य देव यांची प्रमुख भूमिका असलेला ‘वासुदेव बळवंत फडके’ डिसेंबर 2007 मध्ये प्रदर्शित झाला. इतिहासातला माणूस, त्याचे गाव आणि त्याच्यावरचा चित्रपट ही तिन्ही साधने पनवेलच्या शाळांना हाकेच्या अंतरावर मिळतात.

चित्रपटातून शिकवण्याची कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. शाळेतल्या पुस्तकांची जागा लवकरच चित्रपट घेतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी 1913 मध्ये केले होते. त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. एडिसन यांचे भाकीत खरे ठरले नाही. पुस्तके राहिली आणि चित्रपट त्यांच्या जोडीला आला. ही जोडी नीट जुळवणे हेच इतिहासाच्या शिक्षकाचे खरे कसब.

चित्रपटाचा कॅमेरा येण्यापूर्वीचा काळ

ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या 7 जुलै 1896 रोजी. फडके यांचे एडनच्या कैदेत निधन झाले ते 17 फेब्रुवारी 1883 रोजी, म्हणजे तेरा वर्षे आधी. त्यामुळे पडद्यावर दिसणारे फडके हे सर्वस्वी पुनर्निर्मिती असतात. याउलट, रँग्लर परांजपे 1901 मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी प्रत्यक्ष चित्रित केले होते. घडताना टिपलेले चित्रण आणि नंतर नटांकडून घडवलेले दृश्य यांतला हा फरक विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला कळायला हवा.

फडके यांच्याविषयी कागदोपत्री मिळणारी माहिती थोडी नाही. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. 1876-77 च्या दुष्काळाने ते पेटून उठले. फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांच्या रामोशी साथीदारांनी शिरूर तालुक्यातील धामारीवर धाड घातली. त्याच वर्षी मे महिन्यात फडके यांचे साथीदार दौलतराव नाईक यांची टोळी थेट पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीपर्यंत पोचली. जुलैत मेजर डॅनियलच्या तुकडीने फडके यांना देवर नावदगी येथे पकडले. पुण्यातील खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांनी. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची.

एडनच्या कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून फडके निसटले आणि पुन्हा पकडले गेले. लेखी वर्णनात हा प्रसंग एका वाक्यात मावतो, पण दिग्दर्शकाला एका वाक्यावर भागवता येत नाही. पहारेकरी किती, दिव्याचा उजेड कुठून, कैद्याच्या अंगावर काय, तो पुटपुटतो काय, हे सारे त्याला ठरवावेच लागते. कागद जिथे मुका होतो तिथे कल्पना बोलू लागते. ही सीमारेषा विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढली की तो साधनांची चिकित्सा शिकला.

स्मरणाची गंमत आणि धोका

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी चित्रपटातून इतिहास कसा लक्षात राहतो यावर प्रयोग केले, ते 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ऐतिहासिक मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरील लोकप्रिय चित्रपटांतील तुकडे दाखवले. चित्रपट मजकुराशी जुळत असला की माहिती सुमारे 50 टक्के अधिक लक्षात राहिली. चित्रपटात चूक असली, तर अचूक मजकूर वाचूनही अनेकांनी चुकीचेच उत्तर दिले. ‘चित्रपटात चुका असतात’ अशा मोघम सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आहे हे आधी सांगितले, तेव्हा मात्र गोंधळ पुष्कळ कमी झाला.

यावरून वर्गातली पद्धत ठरते. तासिका चाळीस मिनिटांच्या आसपासची, त्यामुळे अख्खा चित्रपट लावणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पाच-सात मिनिटांचा तुकडा पुरतो. तोच तुकडा आधी आवाज बंद करून दाखवावा आणि काय दिसले ते वहीत लिहून घ्यावे. मग आवाजासह पुन्हा लावावा. मागे तुतारी किंवा ढोल वाजू लागताच साधी चालही पराक्रमाची कशी वाटू लागते, हे मुलांना स्वतःलाच उमगते. शेवटी तो तुकडा पाठ्यपुस्तकाशी पडताळावा आणि जमल्यास शिरढोणला जाऊन यावे.

गाळलेले पान

चित्रपटात काय आहे याइतकेच काय नाही हेही बोलके असते. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (1982) चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिसतच नाहीत. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (2000) चित्रपटात मामुट्टी यांनी बाबासाहेब साकारले आणि 1932 चा पुणे करार त्यात दुसऱ्या बाजूने समोर येतो. दोन्ही चित्रपटांतील तुकडे लागोपाठ दाखवले, तर कथेचा नायक बदलला की इतिहासाची मांडणी कशी बदलते ते वेगळे समजावावे लागत नाही. हा विषयही इथल्या मुलांना दूरचा नाही: बाबासाहेबांचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 रोजी महाडला झाला, म्हणजे पनवेलच्याच रायगड जिल्ह्यात.

या साऱ्याला अभ्यासक्रमात आधारही आहे. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात उपयोजित इतिहासाबरोबरच ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असे स्वतंत्र प्रकरण आले. कायद्याचीही अडचण नाही. शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींपुढे चित्रपट दाखवण्यास कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये मुभा आहे.

पुढची पायरी म्हणजे पाहणाऱ्या मुलांनी स्वतः प्रसंग लिहिणे. पनवेलजवळ, उरण तालुक्यातील चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. सत्याग्रही हुतात्मे झाले आणि मामलेदार जोशीही मारले गेले. या प्रसंगाची एक पानी पटकथा वर्गाने लिहावी, आणि प्रत्येक ओळीसमोर समासात नोंद करावी: पुस्तकातून, गावातल्या आठवणीतून की आपल्या मनाने. ज्या ओळींसमोर ‘आपल्या मनाने’ असे लिहावे लागेल, त्यांची संख्या पाहून पुढचा ऐतिहासिक चित्रपट ही मुले अधिक सावधपणे पाहतील, आणि तो करणाऱ्याची अडचणही त्यांना अधिक समजेल.