आलेखावरचा ब्रश: हर्सूल तलाव आणि नाथसागर यांच्या नोंदी वाचताना

छत्रपती संभाजीनगरच्या नळांना दोन ठिकाणचं पाणी येतं. जुन्या शहराच्या काही भागाला हर्सूल तलावाचं, बाकी बहुतेक शहराला पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं. दोन्ही जलाशय पावसाळ्यातच भरतात, पण भरण्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. हर्सूल तलाव खाम नदीच्या वरच्या अंगाला आहे. भोवतालच्या डोंगरांवर आणि माळांवर पाऊस झाला, ओढे वाहिले, की तलाव चढतो. नाथसागराचं पाणलोट मात्र पार त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरांपर्यंत पोहोचतं. त्यामुळे हर्सूलला आभाळ कोरडं असतानाही नाथसागर भराभर चढू शकतो.

जाणकारांना हे तोंडपाठ असतं. पण समजा तुमच्यापुढे फक्त आकड्यांचा तक्ता आहे, रोजचा पाऊस आणि रोजचा पाणीसाठा, आणि त्यातून हा फरक तुम्हाला स्वतः ओळखायचा आहे. त्यासाठी आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे हत्यार असतं त्याला ब्रश म्हणतात. भूगोल, शेती किंवा पाणी या विषयांवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ब्रशचं काम असं चालतं. एकाच तक्त्यावरून काढलेले तीन-चार आलेख पडद्यावर शेजारी शेजारी मांडायचे. त्यांतल्या एकावर माऊसचं बटण दाबून कर्सर ओढायचा, म्हणजे एक चौकोन तयार होतो. चौकोनात सापडलेले बिंदू रंगतात, आणि त्याच क्षणी बाकीच्या आलेखांतलेही काही बिंदू रंगतात. कोणते? तक्त्यातल्या त्याच ओळींचे. वर्गात गुरुजींनी ‘हर्सूलहून येणारी मुलं उभी राहा’ म्हटलं, की तीच मुलं कुठल्या बाकावर बसतात, कोण उंच, कोण बुटकं, हे सगळं एका नजरेत दिसतं, तसं हे आहे.

आतली यंत्रणा त्याहून साधी आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीला एक क्रमांक देतं आणि त्यापुढे ‘निवडली’ किंवा ‘नाही निवडली’ एवढीच खूण ठेवतं. प्रत्येक आलेखाला आपला कुठला बिंदू कुठल्या ओळीचा आहे हे माहीत असतं. चौकोन हलला की खुणा बदलतात, आणि सगळे आलेख त्याच खुणा वाचून पुन्हा रंगतात. म्हणजे निवड होते ती ओळींची; आलेखावरचा चौकोन हे निवडीचं फक्त दार. पुढे जे काही चुकतं किंवा जमतं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं.

ही कल्पना पन्नासेक वर्षांची आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन टुकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी अ‍ॅन फिशरकेलर यांनी ‘प्रिम-९’ नावाची प्रणाली तयार केली. नऊ चलांपर्यंतची माहिती पडद्यावर फिरवून बघता येई, तिच्यातला एखादा भाग वेगळा काढता येई. पुढे १९८७ मध्ये रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलंड यांनी ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात ब्रशवर लेख लिहिला. बिंदू रंगवणे, फक्त निवडलेले ठेवून इतर लपवणे, निवडलेले काढून टाकणे आणि त्यांवर नाव दाखवणे अशी चार कामं त्यांनी सांगितली. ब्रश पुढे सरकला की रंग उडून जावा की मागे टिकून राहावा, हेही त्यांनी तेव्हाच वेगळं केलं. आजच्या सॉफ्टवेअरमधला ब्रश बराचसा त्याच चौकटीत आहे.

करून पाहायचं तर ‘जिओडा’ हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचं. लुक आन्सेलिन यांच्या चमूने ते बनवलं आहे. नकाशा, स्तंभालेख आणि बिंदूंचा आलेख त्यात एकमेकांना जोडलेले असतात. साधा चौकोन ओढला की एकदाच निवड होते. कंट्रोलचं बटण दाबून चौकोन ओढला की तो लुकलुकू लागतो. मग तोच चौकोन आलेखावर हवा तिकडे फिरवता येतो. खरं काम या फिरत्या चौकोनात आहे.

आता तक्ता. एक ओळ म्हणजे एक दिवस. २०१५ पासून पुढची वर्षं, प्रत्येक वर्षाचे जून ते नोव्हेंबर. स्तंभ असे: दिनांक, महिना, वर्ष, हर्सूल परिसराच्या महसूल मंडळाचा पाऊस, हर्सूल तलावाची पातळी, नाशिक-इगतपुरीकडचा पाऊस, नाथसागराचा साठा. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर असतो, धरणांचे साठे जलसंपदा विभाग देतो.

तक्ता भरताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं. पहिली, साठा टक्क्यांत लिहू नये. बातमीतला टक्का जिवंत साठ्याचा असतो. नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा, २,१७१ दलघमी जिवंत. २०१९च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात गेलं होतं. अशा दिवसांपुढे कुणी सरसकट शून्य टक्के लिहिलं, की आलेखाच्या तळाशी एकावर एक बिंदूंचा ढीग होतो आणि त्यातला चढ-उतार नाहीसा होतो. दुसरी, पावसाची नोंदच नसलेला दिवस आणि शून्य पावसाचा दिवस एक नाहीत. नोंद नसेल तिथे रकाना रिकामा ठेवावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची: पातळीच्या शेजारी ‘कालच्यापेक्षा फरक’ असा स्तंभ करावा. पातळी म्हणजे सगळ्या हंगामाची साठवण. आजच्या पावसाचा परिणाम आजच्या पातळीत शोधला तर सापडत नाही, तो फरकात सापडतो.

पहिला ब्रश हर्सूलवर. डावीकडे तलावाच्या दैनिक फरकाचा स्तंभालेख, उजवीकडे बिंदूंचा आलेख: आडव्या अक्षावर हर्सूलचा पाऊस, उभ्यावर नाशिककडचा. स्तंभालेखाच्या उजव्या टोकाला, म्हणजे तलाव सर्वांत जास्त चढला त्या दिवसांवर, चौकोन ओढा. उजवीकडे रंगणारे बिंदू बहुतांशी हर्सूलच्या जास्त पावसाकडे झुकलेले दिसतील. नाशिकच्या अक्षावर मात्र ते खाली-वर कुठेही विखुरलेले असतील. आपल्या डोंगराचा पाऊस, आपला तलाव.

इथे थांबू नका. आता उलट दिशेने विचारा. पावसाच्या आलेखावर ६५ मिलिमीटर आणि त्याहून जास्त पावसाचे दिवस निवडा. आपल्याकडे महसूल मंडळात अतिवृष्टी धरण्याची ही रेघ आहे. आता तलावाच्या फरकाकडे बघा. काही बिंदू अपेक्षेप्रमाणे उजवीकडे असतील, पण काही शून्याच्या आसपासच राहतील. त्यांची कारणं महिन्याच्या स्तंभालेखात शोधावीत. जूनमधले असतील तर उन्हाळाभर तापलेल्या जमिनीने आणि कोरड्या ओढ्यांनी ते पाणी आधी पिऊन घेतलं, हा सरळ अर्थ. उरलेल्यांचं कारण बहुधा घड्याळात असतं. हवामान विभागाच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो. तलावाची नोंद वेगळ्या वेळी घेतली असेल तर पाऊस एका ओळीत आणि त्याचं पाणी पुढच्या ओळीत जातं.

परिणामाकडून कारणाकडे आणि कारणाकडून परिणामाकडे, असा दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवायची सवय फार मोलाची आहे. ‘तलाव चढला तेव्हा पाऊस होता’ आणि ‘पाऊस होता तेव्हा तलाव चढला’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि घाईत आपण पहिलं पाहून दुसरं मान्य करून टाकतो.

आता नाथसागर. वर्षाच्या स्तंभालेखात २०१९ आणि महिन्याच्या स्तंभालेखात ऑगस्ट निवडा. या महिन्यात मराठवाड्यात पावसाची ओढ होती, इतकी की संभाजीनगरहून विमानं उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग चालले होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नाशिकला गोदावरीला मोठा पूर आला आणि उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेलेला नाथसागर झपाट्याने भरत गेला. पडद्यावर हे असं दिसतं: हर्सूलच्या पावसाच्या अक्षावर निवडलेले बिंदू डाव्या भिंतीला चिकटलेले, नाथसागराच्या फरकाच्या अक्षावर त्यातलेच काही पार वर. ज्याने आयुष्यात कधी पाणलोट क्षेत्राचा नकाशा पाहिला नाही, त्यालाही हे पाणी इथलं नाही एवढं कळतं.

मग नाशिकच्या पावसाशी नातं तरी घट्ट दिसतं का? फिरता चौकोन नाशिकच्या पावसावर कमीकडून जास्तीकडे सरकवत न्या. नाथसागराचे बिंदू थोडे वर सरकतात, पण निराशा होईल इतके अस्ताव्यस्त राहतात. इथेच बरेच जण ‘संबंध नाही’ म्हणून आलेख बंद करतात. दोष पाण्याचा नाही, ओळीचा आहे. नाशिकला आज पडलेलं पाणी आधी गंगापूर आणि दारणा या धरणांत जातं. ती भरत आली की विसर्ग सुटतो, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीत उतरतो आणि मग नाथसागराच्या फुगवट्याला लागतो. या प्रवासात वेळ जातो. ब्रश मात्र सोमवारच्या पावसाला सोमवारच्याच साठ्याशी जोडतो, कारण दोन्ही एका ओळीत लिहिलेले आहेत.

यावर उपाय तक्त्यातच करायचा. ‘एक दिवस आधीचा पाऊस’, ‘दोन दिवस आधीचा’, ‘तीन दिवस आधीचा’ असे स्तंभ वाढवा. नांदूर मधमेश्वरचा विसर्ग मिळाला तर तोही क्युसेकमध्ये घाला. मग प्रत्येकाचा आलेख नाथसागराच्या फरकासोबत मांडून तोच ब्रश पुन्हा फिरवा. कुठल्या स्तंभावर बिंदू शिस्तीत वर चढतात ते डोळ्यांनी दिसतं. विसर्गाच्या आलेखात शिस्त पावसापेक्षा जास्त असणार, कारण विसर्गाच्या आकड्यात वरच्या धरणांचा हिशेब आधीच झालेला असतो. जूनमधला नाशिकचा जोरदार पाऊस नाथसागराला फारसा का लागत नाही, आणि ऑगस्टमधला त्याहून कमी पाऊस का लागतो, हेही महिन्यावर ब्रश ठेवून याच आलेखांत तपासता येतं.

एक सावधगिरी. ब्रश इतका हलका फिरतो की हवं ते चित्र दिसेपर्यंत चौकोन लहान-मोठा करायचा मोह होतो. पाच-सहा बिंदू रंगवून नियम सांगू नये. चौकोनाची सीमा आधी ठरवावी, ६५ मिलिमीटरसारखी कुणीतरी ठरवलेली रेघ असेल तर उत्तम. आणि एका वर्षात दिसलेलं नातं दुसऱ्या वर्षावर ब्रश नेऊन पडताळावं. जिओडात निवडलेल्या आणि उरलेल्या बिंदूंसाठी वेगवेगळ्या रेषा काढता येतात. चौकोन जरासा हलवल्यावर रेषेचा उतार भलताच बदलत असेल, तर त्या रेषेवर भरवसा ठेवू नये.

आता मला सर्वांत आवडणारी निवड. नाथसागराचा साठा वाढला, पण हर्सूलला पाऊस नाही, नाशिकला नाही, आधीचे तीन दिवसही नाही, अशा दिवसांवर ब्रश ठेवा. अनेक आलेखांवर एकाच वेळी निवड करायची म्हणजे प्रत्येक आलेखात आधीच्या निवडीतूनच पुढची निवड करत जायचं. महिन्याच्या स्तंभालेखात जे उरतात त्यांतले काही नोव्हेंबरचे, आणि वर्षांत २०१५ आणि २०१८ दिसतात. पाऊस संपलेला असताना हे पाणी आलं कुठून? समन्यायी पाणीवाटपाच्या तरतुदीप्रमाणे नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं गेलं, त्याचे हे दिवस. ज्या पाण्यासाठी न्यायालयापर्यंत भांडणं गेली, ते आलेखावर पावसापासून सुटलेल्या मोजक्या बिंदूंच्या रूपात उभं असतं. हे कारण मात्र ब्रश सांगत नाही. तो दिवस दाखवतो. त्या दिवसांचे आदेश आणि बातम्या आपल्याला शोधून वाचाव्या लागतात.

या ओळी सापडल्या की निवड सोडून देण्याआधी ती तक्त्यात साठवून ठेवा. जिओडात निवड नव्या स्तंभात लिहिता येते: निवडलेल्या ओळींना १, बाकीच्यांना ०. स्तंभाला ‘सोडलेलं पाणी’ असं नाव द्या. मग १ असलेल्या ओळी बाजूला ठेवून नाशिकच्या पावसावर आणि विसर्गावर ब्रश पुन्हा फिरवा, आणि या खेपेला दिवसांचं अंतर किती धरलं तेही स्तंभाच्या नावातच लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोंदी जोडताना तोच हिशेब धरता येईल.